रेवाळणे

"वैजयंता सुतार, हेडसेट काढा आणि उभ्या राहा."

रेवाळेबाई आवाज कधीच चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही. पण दुपारच्या पाळीला आम्ही नऊ जणी बोर्डावर होतो आणि नऊही जणींनी ते ऐकलं. मी हेडसेट गळ्यात घेतला आणि उठले.

"सातारच्या ऑपरेटरशी तुम्ही सतरा मिनिटं बोलत होतात. मी ऐकत होते."

"लाइन टेस्ट करत होते, मॅडम."

"टेस्टिंगमध्ये मोगऱ्याच्या गजऱ्याचं काय काम?"

पलीकडच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्न जमवायचं असेल तर घरच्यांना सांगा. ही लाइन त्यासाठी नाही. बसा."

मी बसले. समोर लाल दिवे लुकलुकत होते, त्यातला कुठला आधी घ्यायचा ते मला समजेना.

ही एकोणीसशे त्र्याऐंशीच्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा ट्रंक एक्स्चेंज होतं. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी आम्हाला सांगायचं, मग आम्ही दोरीचं एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात खुपसून माणूस माणसाशी जोडून द्यायचो. मी तेवीस वर्षांची होते आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. सातारचा दिनकर नावाचा ऑपरेटर मी कधी पाहिलेला नव्हता. फक्त आवाज. पण त्या आवाजासाठी मी दुपारची पाळी मागून घ्यायची.

बाईंनी उभं केलं ते दोन दिवसांत घरी कळलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या लीला मेंगाणेची आई आणि माझी आई एकाच नळावर पाणी भरायच्या. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सातारच्या लाइनवर दुसराच माणूस यायला लागला. दिनकरनं बोर्ड बदलून मागितला, असं त्या नव्या माणसानंच सांगितलं. तो का बदलून मागितला, हे विचारायची मला लाज वाटली.

रेवाळेबाईंबद्दल आम्हाला फार माहीत नव्हतं. त्या कोकणातल्या. चाळिशीच्या, लग्न न केलेल्या. शाळेच्या मागे एक खोली घेऊन एकट्याच राहायच्या. डबा स्वतःच्या टेबलावर खायच्या, आमच्यात यायच्या नाहीत. आवाज बारीक, जरा घोगरा. त्यांचं टेबल आमच्या पाठीशी होतं. त्यामुळे त्या आम्हाला दिसायच्या नाहीत, पण त्यांना आमच्या सगळ्यांच्या पाठी दिसायच्या.

डब्याच्या सुट्टीत लीला म्हणाली, "हिच्याविरुद्ध अर्ज करू या."

"अर्ज नको," मी म्हणाले. "भांडणही नको. ती इथं नाहीच, असं समजायचं."

"म्हणजे कसं?"

मी करून दाखवलं. पाठीमागून हाक आली की बोर्डाकडे वाकायचं, एक हात कानाला लावायचा आणि बंद लाइनवर म्हणायचं, 'नंबर प्लीज'. ऑपरेटर बोलत असताना तिला मध्ये तोडता येत नाही, हा नियम बाईंनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला होता.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. बाईंनी हाक मारली, "मेंगाणे, हे तिकीट कुणाचं?" लीलानं हात कानाला नेला. "नंबर प्लीज." बाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तेच. शेवटी उठून स्वतः ती कॉलच्या नोंदीची चिठ्ठी घेऊन आल्या. आम्ही ओठ चावून बसलो होतो. आठवड्याभरात नऊच्या नऊ जणी तेच करायला लागल्या. फक्त रशिदा मुजावर कधीकधी चुकून उत्तर द्यायची आणि मग आमच्याकडे अपराधी नजरेनं बघायची.

शब्द निघाला तो रशिदामुळेच. एकदा ती डोळे सुजवून कामावर आली. म्हणाली, "सासूनं काल दिवसभर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी बोलत होते, ती भिंतीकडं बघून भाजी निवडत होती. जशी काय मी घरात नाहीच."

मी म्हणाले, "म्हणजे सासूनं तुला रेवाळलं."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग लीला इतकी हसली की तिचा डबा मांडीवरून खाली पडला. रशिदाही डोळे पुसता पुसता हसायला लागली. मी तशी आमच्यात विनोदी म्हणून प्रसिद्ध होते, पण एवढं यश मला कधीच मिळालं नव्हतं.

समोरचा बोलतोय आणि आपण तो नसल्यासारखं वागायचं, म्हणजे रेवाळणं. 'मी त्याला चांगला रेवाळला.' 'बस चालली होती, मी हात केला, कंडक्टरनं रेवाळलं.' शब्द आमच्या खोलीत जन्मला आणि आमच्याच तारांवरून बाहेर पडला. रिकाम्या वेळात आम्ही कराडच्या मुलींशी बोलायचो, कराडच्या कोल्हापूरच्या मुलींशी. दिवाळीपर्यंत आमच्या धाकट्या भावाच्या कॉलेजात तो पोचला होता आणि त्यानं तो मलाच ऐकवला. अलीकडे एका प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात बोलीतल्या शब्दांवर लिहिताना म्हटलं, रेव म्हणजे वाळू, माणसाला वाळूत टाकून निघून जाणं, त्यावरून हा शब्द आला असावा. वाचून मी कात्रण काढलं नाही की त्यांना पत्रही लिहिलं नाही.

बाईंना तो शब्द कळला होता का, याचा मी तेव्हा विचार केला नाही. त्या सगळं ऐकायच्याच. ते त्यांचं कामच होतं.

असे पाच महिने गेले.

फेब्रुवारीतली दुपार होती. मिरजेला जायच्या दोन लाइनींपैकी एक कालपासून बंद होती. दुसरी माझ्या बोर्डावर होती आणि तिच्यावर गुळाचे एक व्यापारी बोलत होते. तीन मिनिटं संपली की ते आणखी तीन मागायचे.

मागून आवाज आला. "सुतार, मिरज मोकळी करा. बोरजाईच्या डॉक्टरांचा कॉल आहे."

माझा हात आपोआप कानाकडे गेला. "नंबर प्लीज."

लीलानं माझ्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहिलं.

"सुतार, अर्जंट आहे. बाळंतिणीचं आहे. चालू कॉल तोडा."

हे मी ऐकलं. आज खोटं बोलण्यात काही अर्थ नाही. 'बाळंतीण' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. पण पाच महिन्यांची सवय झाली होती. त्या आवाजाला उत्तर देणं म्हणजे सगळ्यांसमोर हरणं होतं. आणि असंही वाटलं की आम्हाला वाकवण्यासाठी बाईंनी ही नवी युक्ती काढली असेल. मी म्हणाले, "नंबर प्लीज." व्यापाऱ्यांनी आणखी तीन मिनिटं मागितली, ती मी दिली.

बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदाही सांगितलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या माझ्या खांद्याशी आल्या आणि त्यांनी दोरीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

"माझ्या बोर्डाला हात लावायचा नाही."

"सोड," त्या म्हणाल्या. पाच महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं.

मी सोडलं नाही. त्यांच्या हातात फारसं बळ नव्हतं. त्यांचा चेहरा मला इतक्या जवळून कधी दिसला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम होता. रशिदा उठली, आमच्या दोघींच्या मधून हात घालून तिनं दोरी उपसून काढली आणि बाईंकडे बघून म्हणाली, "मॅडम, कुणाला देऊ?"

डॉक्टरांना मिरजेचा दवाखाना मिळाला तेव्हा घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तीन दहा. मध्ये अकरा मिनिटं.

मिरजेहून रक्त घेऊन गाडी निघाली. बोरजाई आमच्या गावापासून डोंगराकडे बारा मैलांवर. गाडी पोचायच्या थोडं आधी ती बाई गेली. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण डॉक्टरांनी तक्रार केली होती.

अकरा मिनिटं आधी गाडी निघाली असती तर ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनीही तसं लिहिलं नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की जिवाचा प्रश्न आहे असं सांगूनही फोन मिळायला इतका वेळ का लागला.

चौकशीला वरून एक साहेब आले. स्टोअरच्या खोलीत टेबल मांडून त्यांनी एकेकीला बोलावलं. आत जायच्या आधी लीला सगळ्यांच्या कानाशी लागली. "आपण काहीच ऐकलं नाही. नऊ जणी एकच बोललो तर काय करतील?"

रशिदा दाराकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "रशिदा, माझी नोकरी कायम व्हायला सहा आठवडे राहिलेत."

"मी मनगटाचं सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तू स्वतःच सांग, वैजू."

माझा नंबर आला. साहेबांच्या हातात कागद होता. ते म्हणाले, "तुम्हाला सुपरवायझरनी कॉल तोडायला किती वाजता सांगितलं?"

मी काही बोलायच्या आधीच ते कागदाकडे बघून पुढे म्हणाले, "त्यांच्या जबाबात आहे की त्यांनी तुम्हाला तीन वीसला सांगितलं. त्याआधी दुसरी लाइन चालू होईल म्हणून त्या थांबल्या. बरोबर आहे?"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, ती दहा मिनिटं बाईंनी स्वतःच्या अंगावर घेतली होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"सही करा."

मी सही केली. पेन त्यांचंच होतं आणि ते नीट चालत होतं.

महिन्याभरात रेवाळेबाईंची सुपरवायझरची जागा काढून घेतली आणि साधी ऑपरेटर म्हणून त्यांची बदली लांबच्या एका छोट्या एक्स्चेंजला झाली. त्यांच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी मागे राहिले. त्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या.

"मॅडम, तुम्ही तसं का लिहिलंत?"

त्यांनी डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुला वाचवायला नाही लिहिलं. तसं समजू नकोस."

"मग?"

"तुम्ही मुली माझं ऐकत नाही, हे पाच महिने वर कळवायला हवं होतं. तो नियम आहे. पण काय कळवू? मुली माझ्याकडे बघत नाहीत, असं? मला ते कागदावर लिहवेना. बोर्डावर कधीतरी असं काहीतरी होणार, हे मला दिसत होतं. तरी मी स्वतःची अब्रू झाकत बसले." पिशवीची गाठ मारून त्या म्हणाल्या, "त्यात माझा जेवढा वाटा होता, तो मी लिहिला. तुझा तू लिहायचा होतास."

एवढं बोलून त्या गेल्या. मला त्या अगदी शांत वाटल्या. मी मात्र तिथंच त्यांच्या खुर्चीवर बसून राहिले. नोकरी कायम झाली त्या दिवशी आईनं पेढे वाटले.

पुढे माझं लग्न झालं, मूल झालं. शब्द ऐकू येतच होता. एकदा नवरा रागानं म्हणाला, "मी काय सांगतोय आणि तू रेवाळतेयस मला." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं, मी त्याच्यावर रुसले.

सहा वर्षांनी मी रेवाळेबाईंना शोधून काढलं. समुद्राकाठचं छोटं गाव, एक्स्चेंज म्हणजे पोस्टामागची एक खोली, तिथं दोनच जणी. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला. दुसरी ऑपरेटर कोवळी पोरगी होती, ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, कालपासून तो मला रेवाळतोय."

मी हातातली बशी खाली ठेवली. बाईंनी ते बघितलं.

"ती इथं लागली त्या आठवड्यातच तिनं विचारलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणाली, बाई, तुमचं आडनाव आणि हा शब्द किती सारखा आहे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, असतात असे योगायोग."

"तो शब्द मी काढला होता, मॅडम."

"माहीत आहे. माझ्या कानाला हेडसेट होता." त्यांनी चहा संपवला. मी माफी मागायला आले होते. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक तोंडातून बाहेर पडलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, मान हलवली. मग म्हणाल्या, "त्या बाळंतिणीचं मूल जगलं. मी जाऊन बघून आले. मुलगी आहे. आजीनं आईचंच नाव ठेवलं, शेवंता. तू गेली नाहीस अजून?"

मूल जगलं, हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षांत मी ते कुणालाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी बोरजाईला गेले. एसटी फाट्यावर सोडते, तिथून अर्धा मैल चढ. घर विचारावं लागलं नाही, बाईंनी खुणा सांगितल्या होत्या. गेलेल्या शेवंताची आई, म्हणजे त्या मुलीची आजी, दारात कुळीथ पाखडत बसली होती. मी नमस्कार केला. तिनं मला वर-खाली पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"कोण गं, बाई?"

"तालुक्याहून आले. पाणी मिळेल?"

तिनं तांब्या आणून दिला. मुलगी अंगणात खापऱ्या मांडून खेळत होती. काळीसावळी, दात पडलेली. "ही नात व्हय," म्हातारी म्हणाली. "हिची आई हिच्या येळंला गेली. जावाईबी दुसरं करून पुण्याला गेला. आता मी आन् ही."

मी पाणी प्यायले. परत निघायचं होतं. एसटीची वेळ होत आली होती आणि म्हातारीनंच मला ती सांगितली. मी दहा पावलं गेले आणि परत फिरले.

"मावशी, मी टेलिफोनात काम करते. त्या दिवशी डॉक्टरांचा फोन माझ्याकडे आला होता."

तिनं कुळथातून हात काढले.

मी सगळं सांगितलं. बाईंवरचा राग, ती युक्ती, चार हाका, व्यापाऱ्याला दिलेली मिनिटं. चौकशीत मी काय म्हणाले, तेही. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट बोलता बोलता मला मोकळं वाटत गेलं, इतकं की मी शेवटी शेवटी भरभर बोलायला लागले.

 माझं संपल्यावर म्हातारीनं विचारलं, "तवा फोन दिला असता, तर वाचली असती का?"

"ते कुणालाच माहीत नाही, मावशी. अकरा मिनिटांचा फरक होता."

"अकरा."

"हो."

तिनं मुलीकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. मला वाटलं ती शिव्या देईल. त्याची मी तयारी करून आले होते. मारलं असतं तरी चाललं असतं.

"सा वर्षं मी देवाला बोल लावत हुते," ती शेवटी म्हणाली. "त्याला काय, त्यो ऐकून घेतोय. त्याला तोंड न्हाई. सकाळी उठून त्याच्याशी भांडायचं आन् कामाला लागायचं. तसं चाललं हुतं माझं." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आता तुझं तोंड आठवंल."

"मावशी—"

"तुझं हलकं झालं न्हवं? मग जा, बाई. पोरीला काय सांगू नगस."

मी उतरून फाट्यावर आले तेव्हा एसटी निघून गेली होती. पुढची संध्याकाळची होती. मी तिथं थांबले नाही. पुढच्या गावापर्यंत चार मैल चालत गेले. वाटेत भेटलेल्या बाया हाका मारून विचारत होत्या, कुणाच्या गं तुम्ही, कुठं निघालात. मी प्रत्येकीला थांबून उत्तर दिलं.